जोडव्यांसकट माप

आईच्या डाव्या पायाच्या करंगळीवर चपलेच्या पट्ट्याने फोड आला. फोड आल्याचं तिला कळलं नाही. फरशीवर ओला डाग दिसला, बाबांनी तो कुठून आला म्हणून शोध घेतला, तेव्हा कळलं. तिला बरीच वर्षं मधुमेह आहे आणि पायांची जाणीव हळूहळू कमी होत गेली आहे. करंगळीएवढी ती जखम बरी व्हायला पावसाळा संपून दिवाळी आली.

शेवटचं ड्रेसिंग झालं त्या दिवशी डॉक्टर बाईंनी स्पष्ट सांगितलं. पुन्हा जखम झाली आणि चिघळली तर बोट काढावं लागेल. एक बोट गेलं की पायाचा तोल बिघडतो, मग दुसरीकडे दाब येतो, तिथे जखम होते. चपला आजपासून बंद. बूट घ्यायचे, तेही पुढून रुंद आणि उंच. हे सगळं मी खोलीत असताना सांगितलं. नंतर मी खाली औषधं घ्यायला गेले. परत आले तेव्हा आई जिन्याच्या कठड्याला धरून उतरायला लागली होती. अजून काही सांगितलं का, मी विचारलं.

"साखर खाऊ नका म्हनली. ते तर नेहमीचंच हाय."

आईचं माहेर आणि सासर दोन्ही जासईच्या बाजूचं, दोन्ही घरं मिठागरावर राबलेली. जमिनी बंदरासाठी गेल्यावर आई-बाबा पनवेलला आले. जुन्या पनवेलीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट नाही. मी नवीन पनवेलला राहते. वर्तमानपत्राचं काम आता बरंचसं घरून होतं, त्यामुळे त्यांच्याकडे जाणं-येणं जवळजवळ रोजचं.

त्या फ्लॅटमध्ये आई बसलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे. चहा उकळेपर्यंतही ती गॅसजवळ उभी राहत नाही. गॅलरीत जाऊन येते, बेसिनचा नळ बघून येते. सकाळी मासळी बाजार, मग गावांहून भाजी घेऊन येणाऱ्या बायकांकडे, संध्याकाळी वडाळे तलावाला फेरी. बाजारात ती दरवेळी काही घेतेच असं नाही. बसलं की पायांची आग होते, चाललं की निवते, असं ती सांगायची. डॉक्टर म्हणाल्या, नसांच्या आजारात असं होतं. बाबांचं म्हणणं होतं की ही आग लग्नाआधीपासून आहे.

जखम असताना तिला घरी बसवलं होतं. तेवढ्या काळात तिने भांड्यांची फळी तीनदा उतरवून पुन्हा लावली, शेजारणीशी दोनदा भांडली आणि बाबांचे दोन सदरे नीट असताना उसवून पुन्हा शिवले. पाय गेला तर जाऊ दे, पण मला या चार भिंतींत कोंडू नका, हे ती त्या दिवसांत एकदा गंभीरपणे म्हणाली. पाय गेला तर कोंडावंच लागेल, हे तिला समजावणं कठीण होतं. तेव्हा प्रश्न एवढाच होता: जखम न होता तिला चालता येईल असे बूट मिळतात का. मिळाले नसते तर चालणं संपलं असतं, आणि चालणं संपल्यावर आईचं काय होईल हे घरात कुणालाच बघायचं नव्हतं.

आधी पायाबद्दल सांगायला हवं. मिठागरात आणि भातशेतात अनवाणी वाढलेला पाय पुढून पसरतो. आईचा पाय टाचेशी अरुंद आणि बोटांशी जवळजवळ पंख्यासारखा आहे. त्यात अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलं आहे, अंगठा आत वळला आहे आणि शेजारचं बोट त्याच्यावर चढून वाकडं झालं आहे. बुटांच्या दुकानात अशा पायाला माप नसतं. माप लांबीचं असतं.

बूट घ्यायला आई यायला तयार नव्हती. तिने केरसुणीची काडी पायाच्या लांबीवर मोडली आणि माझ्या हातात दिली. गावात असंच करायचे. उरणला किंवा पनवेलला कुणी बाजाराला निघालं की घराघरातून काड्या यायच्या, कुठली काडी कुणाची हे लक्षात ठेवायला दोरे बांधलेले असायचे. काडीने लांबी कळते, रुंदी कळत नाही, हे मी तिला सांगितलं. चपलेला रुंदी कशाला लागते, तिने विचारलं. चपलेच्या बाहेर बोटं आली तर आली.

मी संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, तिला जुन्या वर्तमानपत्रावर उभं केलं. बसून घेतलेलं माप खोटं असतं, वजन पडलं की पाय पसरतो. पेन्सिल सरळ धरून दोन्ही पायांची रेघ काढली, कारण दोन पाय सारखे नसतात. डावा पाय उजव्यापेक्षा मोठा निघाला. बाबा खुर्चीतून बघत होते. पायाचा पंचनामा चाललाय, म्हणाले.

पहिलं दुकान महामार्गाच्या बाजूला, काचेचं, आत थंडगार. आई दारात चपला काढू लागली. विक्रेत्याने आंटी, राहू दे, राहू दे, असं म्हणत तिला आत घेतलं. बायकांच्या बुटांची भिंत वेगळी होती. सगळे बूट पुढून निमुळते आणि बहुतेक गुलाबी किंवा जांभळे. रुंदीचे वेगळे बूट येतात का, मी विचारलं. एक नंबर मोठा घ्या, तो म्हणाला. एक नंबर मोठा घेतला तर टाच आत-बाहेर व्हायला लागली आणि पुढून दाब तसाच. दोन नंबर मोठा घेतला तेव्हा आई आरशासमोर दोन पावलं चालली आणि बुटाच्या पुढच्या टोकाला अडखळली.

"एवढा गुलाबी रंग तर माज्या लग्नात पण नव्हता," ती मला म्हणाली. विक्रेता हसला. मग ती पातळाची निरी उचलून खालचे बूट बघत राहिली. पातळावर हे दिसणार, हे तिला तेव्हा पहिल्यांदा नीट जाणवलं असावं. 

दुसरं दुकान औषधाच्या दुकानाला जोडून होतं. तिथे मधुमेहींसाठी म्हणून ज्या चपला होत्या त्या काळ्या, जाड, मागून उघड्या. चपला डॉक्टरांनी बंद केल्या आहेत, हे मी सांगितल्यावर दुकानदाराने या चपला नाहीत, सँडल आहेत, असं सांगितलं. ऑनलाइन तीन जोड मागवले. पहिल्याचं अस्तर खरखरीत होतं, आत बोट फिरवलं की शिवण लागायची. दुसरा तळाशी इतका मऊ की उभं राहिल्यावर आई डुलायची. तिसऱ्याची नाडी बांधायला तिला वाकता येत नव्हतं. तिन्ही परत गेले. पार्सल न्यायला येणारा माणूस ओळखीचा झाला. यावेळी कुठला रंग, असं विचारू लागला.

या सगळ्यात मी पाहत होते की बूट कुठलाही असो, आई पायात घालते, उभी राहते आणि घट्ट हाय म्हणून काढून टाकते. कुठे घट्ट, हे विचारलं की सगळीकडे. बूट घालायचेच नाहीत म्हणून ही सबब आहे, असं बाबांचं मत. मलाही ते पटत चाललं होतं.

बाबांनीच मग जुन्या बाजारातल्या दुकानाचं नाव काढलं. मालक कोकणी मुसलमान, बरीच वर्षं कुवेतला होता, परत येऊन वडिलांचं चपलांचं दुकान वाढवलं. बाबांची त्याची जुनी ओळख. आम्ही तिघं गेलो. त्याने आईला स्टुलावर बसवलं, आधी चहा सांगितला, मग पाय बघितला. बायकांच्या फळीकडे तो वळलाही नाही. आतून एक राखाडी जोड आणला. वरचं कापड ताणणारं, नाडीच्या जागी चिकटपट्टी, पुढून चौकोनी.

"भाभी, जेन्ट्स घ्या. त्यात रुंदी असते."

"बाप्याचे बूट घालू?"

"कोण बघतंय?"

"सगलीच बगतात," आई म्हणाली. "तुमी दुकानात बसता, तुमी पण बगता."

त्याने मान हलवली, बघतो खरं. बाबा म्हणाले, तुझा आवाज पण बाप्यासारखा हाय, त्याला कोण काय बोललं का आजवर. आईने त्यांच्याकडे बघितलंही नाही, पण पाय पुढे केला.

बूट पायात गेला. टाच धरून बसली. बाजूंनी दाब नव्हता. दुकानदार खाली बसला आणि बुटाच्या वरून अंगठ्याने दाबत गेला, बोटांना जागा आहे का बघायला. एके ठिकाणी त्याचा अंगठा थांबला. इथे काय टणक लागतंय, त्याने विचारलं.

"हाड हाय," आई म्हणाली.

मला ते खरं वाटलं. अंगठ्याशेजारचं बोट तिथेच वाकडं होऊन वर चढलेलं होतं. दुकानदाराने बोट बघायला मागितलं नाही, मोजा आधीच चढवलेला होता. न्या, घरात दोन-चार दिवस फिरा, नाही जमलं तर परत आणा, तो म्हणाला.

घरात बूट घालून फिरणं हा पुढचा तंटा. आईच्या घरात चप्पल उंबऱ्याबाहेर राहते. बाबांनी जुन्या कापडाने बुटांचे तळ पुसले आणि हे बाहेर गेलेलेच नाहीत, दुकानातून थेट घरात आले आहेत, हा मुद्दा काढला. तिने तो मान्य केला. देव्हाऱ्याच्या भिंतीपासून मात्र ती लांबून जायची. चार दिवस ती स्वयंपाकघर ते गॅलरी अशी फेऱ्या मारत होती. तोंड वाकडं, पण चालत होती. चांगलं चाललं आहे असं मला वाटलं. मी त्या आठवड्यात दोन अर्धवट राहिलेली कामं संपवली.

पाचव्या दिवशी मोज्यावर डाग दिसला.

डॉक्टर बाईंनी मोजा काढला, पाय हातात घेतला आणि वर बघून विचारलं, "आजी, अजून काढली नाहीत?"

काय काढायचं होतं, मी विचारलं. जोडवी, डॉक्टर म्हणाल्या, मागच्या वेळी सांगितलं होतं. तेव्हा मी खाली औषधाच्या दुकानात होते.

आईची जोडवी जुनी, भरीव चांदीची, जाड वेढ्यांची आहेत. लग्नात घातली ती. वेढ्यांची उघडी फट बोटाखाली होती, ती कधीच मिटून गेली. वाकड्या बोटाचा सांधा आता इतका जाड झाला आहे की जोडवं पुढे सरकत नाही. त्या वेढ्यावर बुटाचं कापड आणि वेढ्याखाली कातडी. कातडी कापली गेली होती. दुकानदाराच्या अंगठ्याला जे टणक लागलं ते हाड नव्हतं. पेपरवर मी पायाची रेघ काढली तेव्हा पेन्सिल त्या जोडव्यांवरून फिरली होती. तो पाय मी जन्मापासून बघत होते, जोडव्यांशिवाय कधीच बघितला नव्हता, आणि मापात जोडवी धरतात की सोडतात हा विचारच मनात आला नाही. तीन दुकानांत, तीन पार्सलांत, कुणाच्याच आला नाही. फक्त आईच्या आला होता. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

माझ्याकडे कापायचं साधन आहे, आत्ता दोन मिनिटांत होईल, असं डॉक्टर म्हणाल्या. आईने पाय खुर्चीखाली ओढून घेतला. इथे नको, एवढंच म्हणाली. डॉक्टर बाईंनी जोर केला नाही. थोडे दिवस देते, म्हणाल्या, पण हे चिघळलं तर मग मी विचारणार नाही.

घरी आल्यावर आमचं बोलणं झालं. भांडण म्हणण्याइतकं ते मोठ्याने नव्हतं. मी डॉक्टरांचं सगळं पुन्हा सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मग तिने सांगितलं की तिने जोडवी काढताना एकदाच बघितली आहेत, तिच्या सासूची. आजोबांना दारातून बाहेर नेलं आणि चार बायकांनी आजीला न्हाणीघरात नेलं. आजीचीही निघत नव्हती. साबण लावून, ओढून काढली. आजी त्या वेळी रडायची थांबली होती, पायाकडे बघत होती. एवढं सांगून आई उठली आणि ओट्यावरची कोरडी भांडी पुसू लागली.

मी म्हटलं, आता कितीतरी बायका घालत नाहीत. मीही घालत नाही.

"तुजी गोष्ट येगली. तू घातलीच नाय. घातलेली काढाची नसतात."

मी वेगळ्या बाजूने विचारलं: बोटच काढावं लागलं तर जोडवं कुठे घालणार? तिने याचाही विचार करून ठेवला होता. शेजारच्या बोटात, ती म्हणाली.

बाबा हे सगळं आतून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आई कप ठेवून पुन्हा गॅलरीकडे निघाली, लंगडत. तिला थांबवून ते म्हणाले, "काढ. मी काय मरत नाय."

"तुमच्या हातात हाय का ते?"

"तुज्या पायात पण नाय."

आई दारात उभी राहिली. मग म्हणाली, सोनाराकडे जाऊ, आणि तुमी पण यायाचं. दवाखान्यात नाही.

सोनाराचं दुकान जुन्या बाजारातच आहे. आईने मोजा काढून पाय दाखवला, तसा तो थांबला. त्याने आधी चेहऱ्याकडे, मग कुंकवाकडे पाहिलं. वाढवायची का, त्याने विचारलं. जोडवी काढायची असा शब्द त्याने वापरला नाही. मालक कुठे आहेत, हा दुसरा प्रश्न. बाबा मागे रिक्षाचे पैसे देत होते. ते पायरी चढून आत आल्यावर सोनाराचा चेहरा सैल झाला. नवरा समोर असल्याशिवाय सवाष्णीची जोडवी मी कापत नाही, त्याने सांगितलं. एकदा कापली होती, मग त्या घरचे लोक दुकानात येऊन बसले होते. काय झालं होतं, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्याने घरातून बायकोला बोलावलं. तिने आईला हळद-कुंकू लावलं.

कातडीला धक्का लागू नये म्हणून पातळ पत्र्याची पट्टी जोडव्याखाली सरकवायची होती, त्यालाच वेळ लागला. मग त्याने कातर लावली. चांदी जुनी आणि जाड, दोन-तीनदा दाबावं लागलं. मी पायाकडे बघत होते. मध्येच वर बघितलं तर आई पायाकडे बघतच नव्हती. ती बाबांकडे बघत होती, टक लावून, आजारी माणसाचा श्वास मोजतात तसं. बाबा अवघडले. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड फिरवलं. इकडे बघा, आई म्हणाली. ते पुन्हा वळले आणि काम संपेपर्यंत तसेच उभे राहिले.

दुसऱ्या पायाचं जोडवं सोपं गेलं. दोन्ही बोटांच्या मुळाशी पांढरट खोल चर राहिला होता. तिथल्या कातडीवर कधी ऊन पडलेलं नव्हतं. सोनाराने चांदीचे तुकडे गुलाबी कागदात बांधून आईपुढे केले. तिने ते बाबांना द्यायला सांगितले. बाबांनी पुडी सदऱ्याच्या खिशात टाकली.

जखम भरू लागली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर राखाडी बूट बाहेर निघाले. वरून आता काही टोचत नव्हतं, आणि घट्ट हा शब्द आईने पुन्हा काढला नाही. ती तलावापर्यंत जाऊन येऊ लागली. मासळी बाजारात कुणीतरी तिला, मावशी, पळायला जाता का, असं विचारलं. तुज्या मागे लागाचं तर पळायलाच पायजे, असं तिने ऐकवलं. बूट पायात असल्याने बोटं कुणाला दिसत नव्हती. देवळात मात्र बूट काढावे लागतात. म्हणून ती देवळाबाहेरूनच नमस्कार करू लागली. हे मला बाबांनी सांगितलं.

पंधरवडा झाला नसेल, बाबांना ताप आला.

साधा ताप होता. त्या दिवसांत त्यांच्या इमारतीत निम्म्या घरांत तो होता. आई त्याच दिवसापासून बाहेर जायची बंद झाली. बूट दाराच्या आत भिंतीला लावून ठेवले. खुर्ची बाबांच्या पलंगाकडे वळवली आणि बसली. एका जागी ती एवढा वेळ बसलेली मी पहिल्यांदा बघत होते. पाय मात्र स्थिर नव्हते. अनवाणी पाय फरशीवर घासत, एकावर एक चढत, उतरत. जेवायला ती ताट घेऊन तिथेच बसायची. बाबा कुशीवर वळले की उभी राहायची.

दुसऱ्या दिवशी तिने पुडी मागितली. मी म्हटलं, कापलेले तुकडे आहेत, घालता येणार नाहीत. सोनार जोडून देतो, तिने तेही विचारून ठेवलं होतं. तिने बाबांकडे मागितली. ती कुठे ठेवली आहे ते त्यांनी सांगितलं नाही. तिने त्यांच्या सदऱ्यांचे सगळे खिसे तपासले, गादीखाली हात घातला. ते डोळे मिटून पडून राहिले. मला राग येत होता, आणि तो कुणाचा हे ठरत नव्हतं. तापाचा जोडव्यांशी संबंध नाही हे मी दोनदा सांगितलं. तिने एकदाही ते नाकारलं नाही. तिला माहीत होतं. माहीत असून ती उठत नव्हती.

ताप उतरला, खोकला राहिला. डॉक्टरांनी बाबांना हिंडायला-फिरायला सांगितलं. आई तरी उठेना. खोकला आला की ती खुर्चीत पुढे सरकायची. बाबा वैतागले. मला बगत काय बसतेस, मी काय टीव्ही हाय का, म्हणाले. तिने टीव्ही लावला, आवाज बंद ठेवला, आणि त्यांनाच बघत बसली. तिची साखर वाढली होती. पायांना सूज येऊ लागली होती. मला आता बोटापेक्षा त्या खुर्चीची भीती वाटत होती.

एका संध्याकाळी मी गेले तेव्हा बाबा उठून बसले होते. त्यांनी दाराजवळचे बूट आणले, आईच्या खुर्चीसमोर ठेवले आणि हाताचा आधार घेत फरशीवर बसले. त्यांना काय हवंय हे आईला लगेच कळलं नाही. त्यांनी एका बुटाची चिकटपट्टी उघडली, त्याची जीभ मागे केली आणि तिचा पाय धरायला हात पुढे केला.

तिने पाय इतक्या वेगाने वर घेतला की खुर्ची हलली.

"पायाला हात लावू नका."

"मग तू घाल."

"मला नाय जायाचं."

बाबांनी पुन्हा हात पुढे केला. तिने दोन्ही पाय खुर्चीवर, पोटाशी घेतले. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावणं हे तिच्या हिशोबात जोडवी काढण्याहून वाईट होतं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते हललेच नाहीत. बूट उघडा, हात त्याच्यावर, चेहरा शांत. मध्ये एक खोकल्याची उबळ आली. ती त्यांनी मान वळवून संपवली आणि पुन्हा तसेच बसले. आईने माझ्याकडे बघितलं. मी मध्ये पडले नाही.

"उठा तिथून," ती शेवटी म्हणाली. "उठा म्हनते ना. घालते."

ते उठले नाहीत. तिने त्यांच्यासमोरच मोजे घातले, मग बूट, एकेक. चिकटपट्टी रागाने दाबून लावली. तिने दोन्ही पट्ट्या उघडून पुन्हा सारख्या केल्या. मग उभी राहिली. बाबांनी भिंतीला धरून स्वतःला उठवलं आणि चपला शोधल्या. तुमी कशाला, तिने विचारलं. मला बगायचं असेल तर बाहेर बग, ते म्हणाले.

मी गॅलरीत गेले. ते जिन्यातून बाहेर यायला वेळ लागला. आई पुढे होती. आजारपणाने बाबांची चाल मंदावली होती आणि रस्त्याच्या कडेला उभ्या गाड्यांमुळे दोघांना शेजारी चालता येत नव्हतं. ते खोकले की ती वळायची. वळली की ते हात हलवायचे, चल, चल. इमारतीच्या फाटकापासून कोपऱ्यापर्यंतच्या त्या एवढ्याशा रस्त्यात ती किती वेळा वळली. पण थांबली नाही. पाय उचलून टाकत होती, टाच आधी, मग पुढचा पाय.

कोपऱ्यावर डावीकडे तलावाचा रस्ता लागतो आणि तिथून वळलं की मागून येणारं माणूस दिसत नाही. तिथे ती थांबली. बाबा विजेच्या खांबाला हात लावून उभे होते, दम खात. त्यांनी खुणेने सांगितलं, तू हो पुढे. तिने पदर खांद्यावर घेतला, पुन्हा एकदा त्यांच्याकडे नीट बघितलं. मग ती डावीकडे वळली आणि दिसेनाशी झाली. बाबांनी आणखी थोडा वेळ खांब सोडला नाही. मग त्याच बाजूला, तिच्या मागे, निघाले.